कडी असलेली खोली

'हनीमून' हा शब्द आमच्या चाळीत मोठ्याने उच्चारायचा शब्द नव्हता. तो सिनेमात चालायचा. लग्न झालेले जोडपे फार तर रविवारी दादर चौपाटीला नाहीतर राणीच्या बागेत जायचे, भेळ खायचे आणि दिवेलागणीला घरी हजर व्हायचे. २००० सालच्या नोव्हेंबरात आमचा मंगल परिणय झाला, तेव्हा वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सासू, सासरे, दोन दीर आणि एक नणंद राहत होती. त्यात आमची भर पडली. रात्री दीर व्हरांड्यात चटई टाकायचे. नवे जोडपे म्हणून आमच्यासाठी मोरीच्या बाजूला दोरीवर जुन्या साडीचा पडदा बांधला होता. भिंतीला कान असतात म्हणतात. पडद्याला तर डोळेही असतात. या चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. खोल्या किती आणि माणसे किती याचा हिशोब तेव्हा झालाच असेल. नवरा-बायकोने बोलायचे कुठे, हा हिशोब काही झालेला दिसत नाही.

आम्हाला गोव्याला धाडले ते सासूबाईंनी. हे सांगितले तर कुणाला खरे वाटत नाही. सासरे गिरणीतले, १९८२ च्या संपात नोकरी गेली आणि पुढे पहारेकरी म्हणून आयुष्य काढले. सासूबाईंनी लग्नानंतर वरळी आणि माहेर सोडून तिसरे गाव पाहिले नव्हते. त्या एका रात्री जेवताना सर्वांसमक्ष म्हणाल्या, "आमाला कुनी इचारलं न्हाई. तुमाला मी इचारत बी न्हाई, सांगते. चार दिस जाऊन या दोघं." सासरे ताटात बघत राहिले. शेजारच्या एका मावशींनी मात्र दुसऱ्या दिवशी नळावर विचारलेच, "गोव्याला? तिथं लोक दारू प्यायला जातात ना?"

पैसे आहेराच्या पाकिटांतले, आणि कमी पडले ते भिशीतले. हे तेव्हा बस कंडक्टर होते, नोकरी नवी, पगार बेताचा. सहा डिसेंबरची चैत्यभूमीवरची पाणीवाटपाची धावपळ उरकली आणि नऊ तारखेला रात्री आम्ही कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये बसलो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू होऊन (२६ जानेवारी १९९८) तीन वर्षेही झाली नव्हती. लोक नुसते बोगदे बघायला जात होते. आमची गाडी रात्रीची, त्यामुळे आम्ही अंधारच बघितला. बोगद्यातला कोणता आणि बाहेरचा कोणता, तेही कळत नव्हते.

सकाळी थिवी स्टेशनवर उतरून म्हापसा, तिथून दुसऱ्या बसने कळंगुट. यांच्या डेपोतल्या एका सहकाऱ्याने पत्ता दिला होता. एका ख्रिस्ती बाईंच्या घरामागे भाड्याने द्यायच्या चार खोल्या. सगळे त्यांना आंटी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. वाटेत आमच्या मनात एकच धाकधूक होती. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो हे बघायची सवय आपल्या माणसांना लहानपणापासून लागते. शिवाय, लग्न झाल्याचा पुरावा मागतात असे ऐकले होते, म्हणून लग्नपत्रिका सोबत ठेवली होती. आंटींनी ती हातात घेतली, वरचे बाबासाहेबांचे चित्र पाहिले, "आंबेडकर" एवढेच म्हणाल्या आणि किल्ली काढून दिली. आडनाव विचारलेच नाही.

खोली साधीच होती. लोखंडी खाट, एक खुर्ची, भिंतीला आरसा, खिडकीबाहेर फणसाचे झाड. भाडे दिवसाला २५० रुपये. दाराला आतून पितळी कडी होती. आपण आत आहोत, दाराला कडी आहे आणि ती आपणच घातली आहे, हे त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा घडले. वाचक बंधू-भगिनींनो, पुढचे काही वेगळे समजू नका. त्या रात्री आम्ही बोलत बसलो, पहाटे तीनपर्यंत. लग्नाला महिना झाला होता आणि यांचा खरा आवाज कसा आहे हेच ठाऊक नव्हते. चाळीत सगळे कुजबुजीत चालायचे. हे मोठ्याने हसतात हेसुद्धा कळंगुटला कळले.

खर्च लिहायला एक लाल पुठ्ठ्याची वही नेली होती. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला ती खोडच असते. दुसऱ्या वर्षानंतर लग्नामुळे आमचे शिक्षण थांबले होते. त्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही दोघांनी चळवळीतल्या लोकांच्या सवयीप्रमाणे चक्क ठराव लिहिले. बी.कॉम. पूर्ण करायचे, त्या काळात पाणी भरणे आणि सकाळचा चहा यांच्याकडे. दोनच मुले, आणि पहिले दोन वर्षांनंतर. पगार कुणाचाही असो, खाते दोघांच्या नावावर. आणि वर्षातून चार दिवस फक्त दोघांचे. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. आज हसू येते. पण घरी असे बोलणे झाले असते तर त्यात निदान पाच जणांनी मत दिले असते, आणि ठराव पाण्यावर आलाच नसता.

समुद्र आम्हाला नवा नव्हता. वरळीचा समुद्र चाळीपासून चालत जाण्याएवढा. पण तिथे कठड्यावर बसून बघायचा, खाली दगड आणि घाण. कळंगुटला वाळू पायाखालून सरकते तेव्हा कसे वाटते ते समजले. नऊवारी नव्हे, पण पाचवारी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभे राहिलो, एवढीच मजल. सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, होडीने जाळे पाण्यात सोडून आलेले, आणि मग सगळ्यांनी मिळून तालात ओढायचे. यांना राहवले नाही, जाऊन दोरीला लागले. तासाभराने जाळे वर आले तेव्हा त्या लोकांनी यांच्या रुमालात ओंजळभर तारली टाकली. आंटींनी ती तळून दिली. रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध सत्तरच्या दशकात मोठे आंदोलन केले होते, मातानी सालढाणा हे त्यांचे एक पुढारी, आणि त्यातून किनाऱ्याजवळच्या मासेमारीवर निर्बंध घालणारा १९८० चा कायदा आला, हे सारे आम्ही नंतर वाचले. त्यावेळी एवढेच दिसले की कष्टाच्या मासळीतला वाटा हात लावलेल्या माणसाला मिळतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा बघण्यासारखी होती. कांदोळीच्या किनाऱ्यापुढे एक प्रचंड जहाज वाळूत रुतून बसले होते. 'रिव्हर प्रिन्सेस', लोहखनिज वाहणारे. जून २००० च्या वादळी हवेत ते किनाऱ्याला लागले. आम्ही गेलो तेव्हा सहा महिने झाले होते आणि लोक सांगत होते, महिन्याभरात काढतील. ते निघाले २०१२ साली! तोवर आमची थोरली चौथीत गेली होती. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली की हे म्हणायचे, "आपल्या लग्नाचा साक्षीदार अजून तिथंच हाय."

चार दिवसांचा एकूण खर्च ३,१४० रुपये झाला. वहीत आहे.

पुढची पंचवीस वर्षे इथे सांगत बसत नाही, तुमच्या घरी जे झाले तेच आमच्या घरी झाले. बी.कॉम. २००२ ला झालो, कारकुनाची नोकरी लागली, थोरली झाली, धाकटा झाला. सासऱ्यांचा अर्धांगवायू, दिरांची लग्ने, २६ जुलै २००५ चा पाऊस, महिला मंडळ, बचत गट, कोरोना. सासूबाई २०२१ मध्ये गेल्या. वहीतले बाकीचे ठराव पाळले गेले. वर्षातून चार दिवसांचा ठराव मात्र एकाही वर्षी अंमलात आला नाही. दरवर्षी कुठले तरी आजारपण किंवा कुणाची तरी फी आधी उभी राहायची. आणि मार्च २०२५ मध्ये यांच्या छातीत दुखले. दोन स्टेंट बसले.

त्यानंतर हे गप्प झाले. खायचे-प्यायचे, ड्यूटीवर जायचे, विचारले तर "बरं हाय." आम्ही सध्या संक्रमण गाळ्यात राहतो, चाळ पुनर्विकासात गेली आहे. तिथेही एकच खोली, दोन मोठी मुले. थोरली पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आहे. तिने एक दिवस दोन तिकिटे आणून पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "आजी असती तर तिनंच काढली असती." यावर काय बोलणार?

अट एकच घातली की गाडी दिवसाची हवी. डिसेंबर २०२५ च्या मध्यावर मांडवी एक्स्प्रेसने निघालो आणि पंचवीस वर्षांपूर्वी अंधारात राहिलेले कोकण उजेडात बघितले. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. हे घड्याळ लावून बसले होते. पानवल नदीवरचा पूल तर ६४ मीटर उंच, खाली बघितले की पोटात गोळा येतो. डिझेलचे इंजिन आता नाही, २०२२ पासून सगळा मार्ग विजेवर आहे. गाडीत एक नवे जोडपे समोर बसले होते, सारखे एकमेकांचे फोटो काढत. लग्नाआधीच गोव्यात फोटो काढून झाले होते म्हणे, 'प्री-वेडिंग'. त्याला किती खर्च आला तेही मुलाने अभिमानाने सांगितले. तो आकडा ऐकून आमचा जीव दडपला. आपल्या वस्तीतही आता कर्ज काढून हे चालते. त्याच पैशात चार काय, चौदा दिवस राहून होतील. असो, विचारल्याशिवाय बोलू नये.

कळंगुट ओळखू येत नाही. ज्या गल्लीत नारळाची झाडे होती तिथे दोन्ही बाजूंना हॉटेले, भाड्याच्या दुचाक्या, दारूची दुकाने, आणि त्यांतून वाट काढत माणसे. दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत आम्ही दोनदा त्याच गल्लीतून गेलो. शेवटी फणसावरून घर सापडले. आंटी आठ वर्षांपूर्वी गेल्या. चार खोल्यांच्या जागी तीन मजली लॉज उभे आहे, ते त्यांचा मुलगा चालवतो. आम्ही २००० साली येऊन गेलो म्हटल्यावर त्याने आईचा फोटो दाखवला आणि भाड्यात दोनशे रुपये सोडले. खोली १,८०० ला. दाराला आता कुलुपाचा खटका आहे, कार्ड दाखवले की उघडतो. यांनी आत गेल्यावर दार दोनदा ओढून बघितले.

चारही सकाळी किनाऱ्यावर गेलो, रापण दिसली नाही. दिसल्या त्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी आणि पॅराशूटला टांगलेली माणसे. पावाच्या सायकलीचा भोंगा मात्र पहाटे तसाच वाजतो. कांदोळीला जहाजाच्या जागी नुसते पाणी आहे. २००८ पासून किनाऱ्यावर पगारी जीवरक्षक असतात ही चांगली गोष्ट. त्यांच्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्ये उभे राहून यावेळी पंजाबी ड्रेसमध्ये कमरेपर्यंत पाण्यात गेलो. आग्वाद किल्ल्याखालचा तुरुंग तेव्हा चालू होता, बाहेरूनच पाहिला होता. २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलवले आणि २०२१ च्या डिसेंबरपासून तिथे गोवा मुक्तीलढ्याचे संग्रहालय आहे. कोठड्या बघून हे म्हणाले, "आपल्या खोलीपेक्षा लहान न्हाई." पणजीला मांडवीवर तिसरा पूल झाला आहे, २०१९ चा, तारांनी तोललेला. त्याच्या अलीकडे पाण्यात कॅसिनोच्या बोटी रात्रभर झगमगतात. आम्ही काठावर बसून दाणे खाल्ले आणि परत आलो.

लॉजवर खोल्या झाडायला एक मुलगा होता, ओडिशाचा, चोवीस वर्षांचा. त्याचे लग्न मे महिन्यात झाले. लग्नानंतर सतरा दिवस घरी राहिला, तेव्हापासून इथे. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ते आठ जण झोपतात. बायकोशी फोनवर बोलायचे तर गच्चीच्या टोकाला टाकीमागे जाऊन बोलतो, तिच्याकडे सासू, हिच्याकडे सात सोबती. ऐकताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितले. दिवसाला सहा-सहा जोडप्यांच्या चादरी बदलणारा हा पोर. आठवडाभरापूर्वीच, सहा डिसेंबरच्या रात्री, जवळच्या हडफडे गावात एका नाईट क्लबला आग लागून २५ माणसे गेली होती. त्यांतली बहुतेक तिथेच काम करणारी, दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली. ज्या रात्री आम्ही चैत्यभूमीवर रांगेतल्या लोकांना पाणी देत होतो, त्या रात्रीची गोष्ट. तो मुलगा म्हणाला, त्यानंतर आई रोज फोन करते आणि परत ये म्हणते; पण परत जाऊन खायचे काय? आम्ही त्याला लॉजच्या मालकाशी बोलून गच्चीवरून खाली यायला दुसरा जिना आहे का ते विचारले. नव्हता. मालकाशीही बोललो. त्याने करून घेतो म्हटले. निघायच्या दिवशी पुन्हा आठवण केली.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या संध्याकाळी खोलीत बसलो आणि बोलायला काही सुचेना. गॅस बंद केला होता का, धाकट्याने डबा नेला असेल का, याच्यापुढे गाडी जाईना. पंचवीस वर्षे इतरांच्या देखत बोलून बोलून तेवढेच बोलणे शिल्लक राहिले की काय, असे वाटून गेले. दुसऱ्या रात्री दिवा घालवल्यावर बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "मला झोपायची भीती वाटते." नऊ महिने हा माणूस रात्री जागा राहत होता. डोळा लागला आणि सकाळी उघडला नाही तर, ही भीती. मुले शेजारी झोपलेली, त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून बायकोलाही सांगितले नाही. सांगायचे कुठे? मोरीत? जिन्यात? त्या रात्रीही तीन वाजले. मुंबईला परतल्यावर डॉक्टरांना हे सांगितले, त्यांनी समजावले, एक गोळी बदलली. आता पाच तास तरी झोप लागते.

शेवटच्या संध्याकाळी वाळूवर बसून लाल वही काढली. पगारांची तुलना केली. २००० साली ३,१४० रुपये म्हणजे यांचा पाऊण पगार होता. या वेळचे १७,४६० म्हणजे आमच्या एका पगाराच्या निम्म्याहून कमी. म्हणजे चार दिवस तेव्हा महाग होते, आज नाहीत. मग नव्या घराचा विषय निघाला. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमच्या इमारतीचा नंबर लागायचा आहे. दोन झोपायच्या खोल्या आणि एक बाहेरची. हे सहज बोलून गेले, "एक पोरीला, एक पोराला. आपुन दोघं भाईर. सवय हाय आपल्याला."

आम्ही नाही म्हटले. थोरलीचे लग्न होईपर्यंत ती आणि अभ्यासाचे टेबल एका खोलीत, धाकटा बाहेर, आणि आतली खोली आपली. कडीसकट. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील, या वयात?" सासूबाईंनी चारचौघांत सांगितले तेव्हा लोक काय म्हणाले होते ते आठवून दिले, त्यावर मोठ्याने हसले. वहीत जुन्या सह्यांच्या खाली जागा होती, तिथे लिहून घेतले.

थोरलीला फोनवर सांगितले, तिला मान्य आहे. धाकटा मात्र फुगला आहे. त्याचे म्हणणे असे की आमच्या वेळी सगळे बाहेर झोपायचे हे आम्हीच सांगतो, मग आता त्यानेच का बाहेर झोपायचे? त्याचेही अगदीच चुकीचे नाही. किल्ली हातात यायला अवकाश आहे, तोवर रोज जेवताना हा वाद चालू असतो.